अर्धा आजार

गेल्या संक्रांतीला वरच्या मजल्यावरच्या काकू तिळगूळ घेऊन आल्या, तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे सात वाजत होते. सात ही काशिनाथच्या इन्सुलिनची वेळ. तो ताटलीत तोंड खुपसून खात होता, पत्नीने त्याच्या पाठीवरची कातडी चिमटीत उचलून धरली होती आणि मी सुई टोचत होतो. काकू स्वतः कित्येक वर्षांपासून इन्सुलिन घेतात, त्यामुळे सुईचे त्यांना काहीच नवल नव्हते. नवल वाटले ते बोक्याने मान वर करूनसुद्धा न पाहिल्याचे. सुई बाहेर आली, मी टोपण लावले, आणि हा खातच राहिला. काकू दारातूनच म्हणाल्या, "बरं आहे बाई याचं! काय झालंय ते याचं यालाच ठाऊक नाही. अर्धा आजार तर तिथंच संपला." मग तिळगूळ हातावर ठेवून त्या पुढच्या दाराकडे वळल्या.

बोलून गेल्या त्या सहज, पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. अर्धा आजार संपला हे मला पटत नव्हते. तो कुठे गेला होता, ते मला चांगलेच ठाऊक होते.

काशिनाथ आमच्या मुलीने आणलेला. कॉलेज रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानामागे तिला तो सापडला, तेव्हा तो मुठीत मावेल एवढा होता. पुढे ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि, बहुतेक घरांत होते त्याप्रमाणे, मांजर आईवडिलांकडे राहिले. नारिंगी रंगाचा, रुंद तोंडाचा, नसबंदीनंतर घराबाहेर फारसा न पडलेला आणि सात किलोंच्या पुढे गेलेला हा बोका आम्हाला खाऊनपिऊन सुखी वाटत असे. पुढे डॉक्टरांनी या आजाराचा धोका कोणत्या मांजरांना अधिक असतो ते सांगितले: नर, उतारवयाचे, नसबंदी झालेले, लठ्ठ, घरातच बसून राहणारे. ऐकताना ते काशिनाथचेच वर्णन करत आहेत असे वाटले. मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या टाइप २ मधुमेहाच्या जवळचा असतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि हळूहळू स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही थकतात.

सुरुवात झाली ती पाण्यापासून. मांजर मुळात पाण्याकडे फारसे न वळणारा प्राणी. त्या पावसाळ्यात मात्र रात्री न्हाणीघरातून लपलप असा आवाज येऊ लागला. पत्नीची झोप सावध. उठून पाहावे तर काशिनाथ बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकून पाणी पीत असायचा, आणि ते पिणे लवकर थांबायचेही नाही. ट्रेमधल्या वाळूचे गोळे मोठाले निघू लागले. खाणे वाढले आणि तरीही पाठीवरून हात फिरवताना कणा बोटांना लागू लागला. ओट्यावर उडी मारण्याआधी तो खाली बसून उंचीचा अंदाज घेई आणि मग विचार बदलून निघून जाई. सर्वांत चमत्कारिक होती ती चाल. मागचे पाय पंजांवर न टाकता तो घोट्यांपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागला होता. आम्ही ते वयावर ढकलले. वास्तविक वाढलेली साखर पायांच्या नसांना इजा करते, त्यातून मांजरांना ही चाल येते, आणि साखर आटोक्यात आली तर ती पुष्कळदा सुधारतेही.

दवाखान्यात साखर चारशेच्या वर निघाली, तरी डॉक्टरांनी तेवढ्यावर शिक्का मारला नाही. घाबरलेल्या मांजराची साखर एरवीही बरीच वर चढते. पिंजरा, रिक्षा, कुत्र्यांचे भुंकणे, टेबलाचा थंड पत्रा एवढे त्याला पुरते. म्हणून त्यांनी लघवीतली साखर पाहिली आणि रक्तातील फ्रुक्टोसमाइन तपासायला पाठवले. त्यातून मागच्या दोनतीन आठवड्यांची सरासरी कळते, त्या एका सकाळची भीती तिच्यात मिसळत नाही. मला त्या तपासणीविषयी उगीचच आदर वाटला. दवाखान्याच्या बाकावर बसल्याबरोबर माझाही रक्तदाब चढतो आणि घरी गेल्यावर उतरतो, आणि त्यावरून मला आजवर बरेच ऐकून घ्यावे लागले आहे.

मग औषधांच्या दुकानाची वारी. इन्सुलिन ग्लार्जिन, म्हणजे माणसांचेच. आपल्याकडे इन्सुलिनच्या पुष्कळ कुप्या एका मिलिलिटरला चाळीस युनिटच्या असतात, ग्लार्जिन मात्र शंभरचे. सुयाही त्याप्रमाणे दोन जातींच्या: चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी टोपणाची. शंभरचे औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये भरले, तर युनिटच्या रेघा तेवढ्याच दिसतात आणि अंगात अडीचपट औषध जाते. माणसाला ते धोक्याचे, मग पाचसहा किलोंच्या जिवाची काय कथा. मी दुकानदाराला नारिंगी टोपण दोनदा बजावून सांगितले. त्याने चिठ्ठी पाहून विचारले, "पेशंटचं वय?" मी म्हणालो, "अकरा." त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. सुया मोजता मोजता तो हळू आवाजात म्हणाला, "लहान वयातच आलं म्हणायचं." तेव्हा मला खुलासा करावा लागला. त्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर जे आले, त्याला सुटका म्हणावे की थोडीशी फसवणूक झाल्याची भावना म्हणावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मागे उभे असलेले एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "मांजराला इन्सुलिन! इथं माणसांना परवडत नाही." मी काही बोललो नाही. त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवरही इन्सुलिनच असावे, अशी एक शंका मला आली होती, आणि तसे असेल तर त्यांच्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

टोचणे लोकांना वाटते तेवढे अवघड नसते. सुई केसासारखी बारीक, कातडी सैल, आणि काशिनाथचे सारे लक्ष ताटलीत. अवघड आहे ते रक्ताचा थेंब काढणे. कानाच्या अगदी कडेने एक बारीक शीर जाते. मागून टॉर्च धरला की ती दिसते. तिच्या लगत टोचायचे, थेंब गोळा व्हावा म्हणून आधी तिथे व्हॅसलिनचा पुसट हात फिरवायचा, आणि पट्टी थेंबाजवळ न्यायची. नाशिकच्या डिसेंबरात, निफाडकडून गारठ्याच्या बातम्या येऊ लागल्या की या कामाची परीक्षा असते. सकाळी मांजराचे कान बर्फासारखे गार पडलेले असतात आणि रक्त वर येत नाही. पत्नी तव्यावर रुमाल गरम करते, तो स्वतःच्या गालाला लावून पाहते आणि मग कानाभोवती धरते. या उबेवर काशिनाथ डोळे मिटून घुरघुरू लागतो. पुढच्या क्षणी त्याच कानाला टोचायचे असते. त्या घुरघुरण्याची मला आरंभी फार लाज वाटे; विश्वासाने मान ढिली सोडलेल्या जिवाला आपण फसवतो आहोत असे वाटे. मात्र टोचल्यावरही ते घुरघुरणे थांबले नाही, तेव्हा हा सारा खटला माझा एकट्याचाच आहे, समोरच्याची तक्रारच नाही, हे लक्षात आले.

यंत्रावरचा आकडासुद्धा पूर्ण खरा नसतो. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराची साखर सहसा असते त्याहून कमी दाखवतात, कारण मांजरांच्या रक्तात लाल पेशी आणि द्रव यांच्यातली साखरेची वाटणी आपल्यापेक्षा निराळी असते. एकच यंत्र वापरा, आकड्यापेक्षा त्याचा कल पाहा, असे डॉक्टरांनी सांगितले. सांगणे सोपे आहे. पहाटे एकशे दहा दिसल्यावर कल पाहायला डोके थंड लागते.

कारण खरी भीती वाढलेल्या साखरेची नसतेच. साखर वाढली तर तिचे परिणाम सावकाश दिसतात. खाली गेली तर तासाभरात होत्याचे नव्हते होऊ शकते. अशक्तपणा, झोकांड्या, थरथर, झटके, शुद्ध हरपणे. अशा वेळी मध किंवा ग्लुकोजचे पाणी हिरड्यांना चोळायचे आणि डॉक्टरांकडे धावायचे. मधाची बाटली तेव्हापासून आमच्या टीव्हीशेजारी उभी आहे आणि पाहुणे तिच्याकडे कुतूहलाने पाहतात. पण मांजराची साखर उतरली आहे हे ओळखायचे कसे? मांजर दिवसाचा बहुतांश वेळ झोपूनच असते. इन्सुलिन दिल्यानंतरच्या तासांत तो गाढ झोपलेला दिसला की माझ्या हातातले वर्तमानपत्र खाली येई. मी त्याच्या पोटाची हालचाल पाही. मग हाक मारी. हाकेला मांजर प्रकृती ठणठणीत असतानाही ओ देत नाही. शेवटी बोटाने पंजा दाबी. तो एक डोळा उघडून माझ्याकडे अशा काही तिरस्काराने पाही, की माझा जीव भांड्यात पडे. त्याच्या झोपेत त्याची साखर नसायची, ती माझ्या जागेपणात असायची.

काकू म्हणाल्या तो अर्धा आजार हाच. तहान, भूक, टेकलेले घोटे हे सारे काशिनाथकडे राहिले. आकडा, वेळ, धास्ती, आणि पुढे काय होणार याचा विचार आमच्या नावावर झाला.

आहाराचा भाग विनोदी आहे, निदान आमच्या घरात. मांजर हे पक्के मांसाहारी. धान्यातले पिष्ट पचवून त्याची साखर मार्गी लावण्याची तयारी त्याच्या यकृतात मुळात बेताचीच, आणि आम्ही त्याला वर्षानुवर्षे दूधपोळी आणि कोरड्या दाण्यांवर पोसलेले. आता कमी पिष्टाचे, ओले, मांसाचे खाणे द्यायचे होते. डबाबंद खाणे महाग, म्हणून त्याला उकडलेल्या कोंबडीची जोड देण्याचे ठरले. नुसती कोंबडी देऊन चालत नाही; टॉरिन नावाचे पोषकद्रव्य कमी पडले तर मांजराचे हृदय आणि डोळे बिघडतात, म्हणून मुख्य खाणे डब्यातलेच. पण त्या जोडीसाठीसुद्धा आयुष्यभर अंडेही न शिजवलेल्या माझ्या पत्नीने गॅलरीत इंडक्शनची शेगडी मांडली, तिच्यासाठी वेगळे पातेले, वेगळा चिमटा आणि एक जुना पंचा काढला. त्या वासाने तिला मळमळते. ती नाकाला पदर लावून कोंबडी शिजवते आणि तुकडे करताना तोंडाने स्तोत्र पुटपुटते. कोणासाठी, हे मी विचारलेले नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला राहून राहून नवलाची वाटते. मांजराला गोड चव कळत नाही. गोडाची जाणीव करून देणाऱ्या जिभेवरच्या ग्राहकाचा (रिसेप्टरचा) एक भाग ज्या जनुकापासून तयार होतो, ते जनुक मांजरकुळात निकामी झालेले आहे. 2005 साली संशोधकांनी ते दाखवून दिले. काशिनाथने आयुष्यात कशाचा गोडवा चाखलाच नाही. पेढ्याला तोंड लावले असेल तर ते त्यातल्या खव्याच्या स्निग्धतेसाठी. आणि साखर वाढली ती त्याची.

माझ्या वडिलांचे नेमके उलट होते. त्यांना गोडाचे वेड होते आणि मधुमेह चाळिशीतच आला. ते नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, आणि प्रेसच्या भोंग्यावर आमच्या घराचे घड्याळ चाले. त्यांची काचेची सिरिंज स्टीलच्या चपट्या डब्यात उकळत असल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. पाणी उकळू लागले की काच पत्र्यावर किणकिणत असे. फ्रिज नव्हता. इन्सुलिनची कुपी ओल्या वाळूत ठेवलेल्या एका लहान मडक्यात असे, आणि त्या मडक्याला हात लावायची आम्हा मुलांना बंदी होती. ग्लुकोमीटरही नव्हता. वडील न्हाणीघरात परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घेत, त्यात लघवीचे थेंब टाकून ते स्पिरिटच्या दिव्यावर तापवत. निळे राहिले तर ठीक. हिरवे, पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटकरी, अशी ती रंगांची उतरंड असे. दार लावलेले असायचे, पण वरच्या झरोक्यातून मी एकदा पाहिले होते आणि रंग बदलताना पाहून मला जादूचा प्रयोग पाहिल्याचा आनंद झाला होता. त्या दिवशी नळी विटकरी झाली होती. वडील ती दिव्यासमोर धरून बराच वेळ उभे होते. मग त्यांनी ती धुतली, दार उघडले, आईला "चहा टाक" म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारून कामाला गेले.

रंग कोणता आला हे त्यांनी आम्हाला कधीही सांगितले नाही. आजाराचे दोन्ही अर्धे त्यांच्याकडेच होते, शरीराचाही आणि जाणिवेचाही. आम्हाला दिसायचा तो बिनसाखरेचा चहा आणि कधीमधी चढलेला स्वर. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. काशिनाथच्या कानावर टॉर्च धरून शीर शोधताना मला त्यांच्या त्या उभे राहण्याचा पहिल्यांदा अर्थ लागला, आणि तो एका बोक्यामुळे लागावा याचे मला बरेही वाटले आणि थोडे वाईटही.

आणखी एक गंमत आहे. त्या काळी मिळणारे इन्सुलिन बरेचसे गाईच्या किंवा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले असे. टोरांटोत 1921 साली बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ते शोधले, 1922 च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले, आणि पुढची साठएक वर्षे मधुमेही माणसे जनावरांच्या इन्सुलिनवर जगली. माझे वडील त्यांपैकीच एक. आज काशिनाथच्या अंगात जाते ते माणसांसाठी जिवाणूंकडून तयार करवून घेतलेले इन्सुलिन. मांजराचे स्वतःचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनच्या इतके जवळचे, की दोघांत एका अमिनो आम्लाचा फरक. म्हणजे वडिलांच्या मडक्यातली कुपी गाईची असली, तर ती माणसाच्या इन्सुलिनपेक्षा या बोक्याच्या इन्सुलिनला अधिक जवळची होती. वडिलांना मांजरे मुळीच आवडत नसत. हे त्यांना सांगितले असते तर त्यांनी काय तोंड केले असते, ते मी डोळ्यांसमोर आणून पाहिले आहे.

हळूहळू घडी बसली. डॉक्टरांनी आमच्या आकड्यांच्या वहीवर नजर टाकून सांगितले, की साखर दिवसाचा बराच काळ शंभर ते तीनशेच्या दरम्यान राहिली, पाणी पिणे कमी झाले आणि वजन भरू लागले, तर मांजर बरे चालले आहे असे समजा. प्रत्येक आकड्यामागे धावू नका. माणसाच्या लघवीत साखर सुमारे एकशे ऐंशीच्या पुढे उतरते, मांजराची मूत्रपिंडे ती अडीचशेच्याही पुढे अडवून धरतात, त्यामुळे आपल्या मोजपट्टीने त्याला मोजू नये. काशिनाथचे घोटे जमिनीवरून उचलले गेले. एका सकाळी तो ओट्यावर सापडला आणि पत्नी त्याला रागावण्याऐवजी मला बोलवायला आली. डोस दोन युनिटवरून दीडवर आला. काही मांजरांना लवकर आणि नीट उपचार मिळाले तर इन्सुलिन पूर्ण सुटते, पण आजार परतही येऊ शकतो. डॉक्टरांनी तसे आश्वासन दिले नाही आणि आम्हीही मागितले नाही.

मग पुण्याला मुलीच्या साखरपुड्यासाठी जायचे ठरले आणि बोक्याचे काय, हा प्रश्न आला. काकूंनीच विषय काढला. "माझं स्वतःचं पोट रोज टोचते मी, याची पाठ मला जड आहे का?" त्यांचा हात माझ्याहून सराईत निघाला. मी त्यांना अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज, खाण्याची मापे, डॉक्टरांचा नंबर आणि वही दिली. खाल्ले नाही तर टोचण्याआधी फोन करायचा, हे त्यांच्याकडून वदवून घेतले. त्या जरा चिडल्याच. "मला शिकवता?" पुण्यात हॉलमध्ये सनई चालू असताना मी सातच्या ठोक्याला बाहेर येऊन उभा राही आणि त्यांचा फोन येई. आकडा सांगत, डोस दिल्याचे सांगत, आणि मग काशिनाथ त्यांच्या पलंगावर कसा आडवा पडला आहे याचे सविस्तर वर्णन करत.

परत आलो तेव्हा वही माझ्या हातात आली. काशिनाथच्या आकड्यांशेजारी पट्टीने रेघ मारून काकूंनी दुसरा रकाना पाडला होता आणि त्यावर "मी" असे लिहिले होते. त्यांच्या मुलाला अमेरिकेत त्यांचे आकडे माहीत नसतात, आणि विचारले तर त्या "नॉर्मल आहे" एवढेच सांगतात, हे मला ठाऊक होते. रकान्यातले आकडे नॉर्मल नव्हते. मी त्यांच्याकडे पाहिले, तशा त्या म्हणाल्या, "एवीतेवी यंत्र हातात होतंच."

तो रकाना आम्ही चालू ठेवला आहे. काकू सकाळी वरून आकडा ओरडून सांगतात, मी लिहितो, आणि बोक्याशी त्यांची चुरस चालते. बहुतेक वेळा बोका जिंकतो. परवा मी त्यांना हे बोलून दाखवले, तेव्हा त्यांनी मला सरळ करून टाकले. "त्याला गोडाची चवच नाही, तुम्हीच सांगितलंत ना? मला आहे. अक्षय्य तृतीयेला आमरस करणार आहे मी. त्या दिवशी माझ्या रकान्यात फुली मारा, आणि वाटी घेऊन वर या."